डोळ्यातलं विरजण



२०२३ सालच्या भातकापणीची गोष्ट. तळोज्याच्या आसपास आता शेतं थोडीच उरली आहेत. एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला इमारती, मधे मेट्रोचा पूल. तरी ज्यांचे चार-दहा गुंठे राहिले आहेत, त्या घरांत अजून भात लावतात. आमच्या गटातली एक मावशी अशाच तुकड्यावर कापणी करत होती. वाकून मूठ धरली आणि भाताचं पातं उजव्या डोळ्याला लागलं. पाणी आलं. तिने पदराने डोळा पुसला आणि उरलेली कापणी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी गटाची मासिक बैठक होती. मावशीचा डोळा लाल. आमच्यातल्याच एकीने पर्समधून ड्रॉपची बाटली काढली. जुलैमध्ये तिच्या नातवाचे डोळे आले होते, तेव्हा मेडिकलमधून आणलेली, अर्धी उरलेली. "दोन-दोन थेंब टाक, उद्यापर्यंत बरं वाटेल," ती म्हणाली. आम्ही सगळ्या तिथेच होतो. एकीनेही अडवलं नाही. इतिवृत्त लिहून झालं, बचत गोळा झाली, आम्ही घरी गेलो.

दोन दिवस लाली उतरली. चौथ्या दिवशी ठणका सुरू झाला. उजेड सहन होईना. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. घरात कापणीची घाई, हातात पैसे नाहीत आणि "ड्रॉप चालू आहेत ना, होईल कमी" हा दिलासा. डोळ्याच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत नववा दिवस उजाडला. डॉक्टरांनी बुबुळावरून अगदी थोडं खरवडून तपासलं, तर बुरशी निघाली. मग त्यांनी बाटली वाचली. त्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं.

तीन महिने औषध चाललं. जखम भरली, डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडलं. आज त्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो, समोर हात हलवला तर कळतो. नोट शंभरची की पाचशेची, ते कळत नाही.

बरी झाल्यावर मावशी बैठकीला आली आणि तिने एक प्रश्न विचारला. "बाय, भाकरीला बुरशी येते ती समजते. माझ्या डोळ्यात बुरशी आली कुठून?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आम्ही बी.ए. झालेल्या, गटाचे हिशेब बघणाऱ्या. पण बाटली आमच्या डोळ्यांदेखत दिली गेली होती, तेव्हा उत्तर शोधणं आमच्याकडे लागत होतं. आम्ही डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. आजच्या भाषणात ते तुमच्यासमोर ठेवतो.

जंतू म्हटलं की आपल्याला आजारच आठवतो, आणि डोळ्यांच्या बाबतीत त्याला कारणही आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात खुपऱ्यांनी कितीतरी बायका आंधळ्या झाल्या. खुपऱ्या होतात एका बॅक्टेरियामुळे. तो आईच्या पदरावरून, एका टॉवेलवरून, माश्यांच्या पायांवरून एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जायचा. सरकारने १९६३ मध्ये खुपऱ्यांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. औषधं, पाणी, स्वच्छता यांमुळे आजार हटत गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की खुपऱ्या ही आता भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेली नाही. म्हणजे वाईट जंतू असतात, हे खरंच. पण सगळेच जंतू तसे नसतात.

निरोगी डोळा जंतूविना असतो का? पुष्कळ वर्षं डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. तपासायची पद्धत अशी, की खालची पापणी थोडी ओढायची, आत निर्जंतुक कापसाची काडी फिरवायची आणि ती काडी जंतूंचं खाद्य घातलेल्या ताटलीवर टेकवायची. जंतू असतील तर एक-दोन दिवसांत वाढून दिसतात. निरोगी डोळ्यांच्या कितीतरी ताटल्या कोऱ्याच राहायच्या. पण सगळे जंतू ताटलीत वाढत नाहीत. आपण घरोघर जाऊन कडी वाजवली आणि ज्यांनी दार उघडलं तेवढेच मोजले, तर शिरगणती अपुरी राहील, तसंच ते होतं.

आता शास्त्रज्ञ जंतू वाढवत बसत नाहीत. काडीवर आलेला जनुकांचा अंश वाचून कोण कोण आहे ते ओळखतात. या पद्धतीने कळलं, की निरोगी डोळ्याच्या पृष्ठभागावरही जंतूंची वस्ती असते. कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकोकस अशी त्यांची नावं. नावं लक्षात ठेवू नका, वस्ती आहे एवढं लक्षात ठेवा. मात्र ती फार विरळ आहे. २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोंडाच्या आतल्या त्वचेशी आणि चेहऱ्याच्या त्वचेशी डोळ्याची तुलना केली, तेव्हा डोळ्यावर जंतू शंभराहून अधिक पटींनी कमी निघाले. त्यामुळे हे संशोधन अवघडही आहे. चिमूटभर मीठ मोजायचं तर वाटीला आधीच चिकटलेलं मीठ वजा करावं लागतं. तसंच हे शास्त्रज्ञ डोळ्याला न लावलेली कोरी काडीही तपासतात, म्हणजे काडीवरचेच जंतू डोळ्याच्या नावावर जात नाहीत.

वस्ती विरळ का? कारण डोळ्याची राखण कडक आहे. मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लवते आणि बुबुळ पुसून निघतं. वर अश्रू असतात. अश्रू म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे. पुढे पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली लायसोझाइम नावाच्या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. ते अश्रूंत भरपूर असतं आणि कितीतरी बॅक्टेरियांचं कवच फोडतं. इतक्या राखणीतूनही जे जंतू टिकतात, ते डोळ्याशी जुळवून घेतलेले असतात.

त्यांचा आपल्याला उपयोग काय, याचं उत्तर उंदरांवरच्या एका अभ्यासातून मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेत रेचल कॅस्पी आणि अँथनी सेंट लेजर यांच्या गटाने २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. काही उंदरांच्या डोळ्यांवर कोरिनेबॅक्टेरियमचा एक प्रकार कायम राहत होता. त्याच्या असण्यामुळे डोळ्याची प्रतिकारशक्ती जागी राहत होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी डोळ्याकडे येत होत्या, अश्रूंत जंतुनाशक द्रव्यं उतरत होती. अशा उंदरांचं बुरशीपासून आणि डोळा सडवणाऱ्या एका बॅक्टेरियापासून रक्षण होत होतं. ज्यांच्या डोळ्यांवर हा जंतू नव्हता, ते लवकर बळी पडत होते. हा अभ्यास उंदरांवरचा आहे. माणसाच्या डोळ्यात हे नेमकं कसं चालतं, त्यावर काम चालू आहे. पण दिशा कळते.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे विरजणासारखं आहे. कोमट दुधाला विरजण लावलं, की विरजणातले जंतू दुधाचा ताबा घेतात, ते आंबट करतात आणि नासवणाऱ्या जंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. विरजण न लावता तेच दूध बाहेर ठेवलं तर नासतं. जंतू दोन्हीकडे आहेत. कोणाचा जम बसला, यावर सगळं ठरतं. (आणि मैत्रिणींनो, हे उदाहरण आहे. डोळ्यात दही घालायला कुणी जाऊ नका. हे हसण्यावारी नेऊ नका, एकीने आम्हाला खरंच विचारलं होतं.)

हा जम मोडतो तेव्हा काय होतं? न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २० जणांचे डोळे तपासले. काही कॉन्टॅक्ट लेन्स लावणारे, काही न लावणारे. लेन्सवाल्यांच्या डोळ्यावरची वस्ती पापणीखालच्या त्वचेवरच्या वस्तीसारखी झालेली दिसली. बोटाने लेन्स लावताना कातडीवरचे जंतू जातात, की लेन्समुळे डोळ्यातलं वातावरण बदलतं, हा पुढचा प्रश्न. आपल्या मुली आता खारघर-पनवेलच्या कॉलेजात जाताना लेन्स लावतात, म्हणून हे सांगितलं. हात धुतल्याशिवाय लेन्सला बोट नाही, लेन्स नळाच्या पाण्यात ठेवायची नाही, लावून झोपायचं नाही.

आपल्या देशात हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत एस. शिवाजी यांच्या गटाने डोळ्यावरच्या बुरशीचाही अभ्यास केला. २०१९ मध्ये त्यांनी जे मांडलं, त्यात मावशीच्या प्रश्नाच्या जवळचं काहीतरी आहे. निरोगी डोळ्यांवरही बुरशीचे अंश सापडले. बुबुळाला बुरशीची जखम झालेल्यांच्या डोळ्यांवर बुरशीचं मिश्रण मात्र बदललेलं होतं. म्हणजे बुरशीचे कण आपल्या डोळ्यांवर येतच असतात. हवेतून, धुळीतून, भाताच्या पेंढ्यातून. पापणी आणि अश्रू ते धुऊन काढतात. बुबुळाचा वरचा थर अखंड असेपर्यंत सहसा बिघडत नाही.

पातं लागतं तेव्हा दोन गोष्टी एकदम होतात. थर फाटतो आणि पात्यावरची बुरशी थेट फटीत जाते. कुंपण मोडायचं आणि त्याच वाटेने गुरं आत घालायची, तसं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत बुबुळाला जखम झालेले ४३४ रुग्ण तपासले होते. त्यांतल्या दर तिघांपैकी साधारण दोघांच्या डोळ्याला आधी इजा झालेली होती. ज्यांच्या जखमेत जंतू सापडले, त्यांत बुरशी आणि बॅक्टेरिया जवळजवळ निम्मे-निम्मे होते. भात पिकवणारा तो मुलूख आणि आपला रायगड यांत या बाबतीत फार फरक नाही.

मग आमच्या बाटलीने काय केलं? स्टेरॉइड सूज आणि लाली उतरवतं, पण ते शरीराच्या पहारेकऱ्यांनाच गप्प बसवून. मावशीला दोन दिवस बरं वाटलं ते त्यामुळे, आणि त्याच दोन दिवसांत बुरशीला मोकळं रान मिळालं. त्याच ड्रॉपमध्ये बॅक्टेरिया मारणारं अँटिबायोटिकही होतं. ते बुरशीवर चालत नाही. बुरशीसाठी नॅटामायसिनसारखी वेगळी औषधं लागतात, सुरुवातीला ती तासातासाला घालावी लागतात आणि आठवडेच्या आठवडे चालतात. उशीर झाला की औषध जखम भरतं, पण फूल राहतं.

आता ती बाटली मुळात घरात आली कशी, तेही बघा. जुलै २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे मोठ्या संख्येने आले. मग राज्यभर साथ पसरली, आपल्याकडेही घरोघर डोळे आले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यामागे एन्टरोव्हायरस गटातला कॉक्सॅकी ए२४ या विषाणूचा प्रकार निघाला. विषाणू, बॅक्टेरिया नव्हे. विषाणूला अँटिबायोटिक मारत नाही. असे डोळे बहुतेकदा स्वच्छता आणि विश्रांती यांवर आठवडाभरात बरे होतात. नातवाचे डोळे बरे झाले ते आपोआप. श्रेय मिळालं ड्रॉपला, म्हणून बाटली जपून ठेवली गेली आणि चार महिन्यांनी दुसऱ्याच आजारासाठी मावशीच्या डोळ्यात पडली.

याचा अर्थ औषध वाईट, असा नाही. नेपाळमध्ये भक्तपूर इथे गावातल्या प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी एक काम केलं. त्याचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. डोळ्याला ओरखडा गेला, की लोकांनी लगेच त्यांच्याकडे यायचं. ते डोळा तपासायचे आणि खरंच ओरखडा असेल तर अँटिबायोटिकचं साधं मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावायचे. त्यात स्टेरॉइड नव्हतं. अशा ४४२ ओरखड्यांपैकी ९६ टक्के काही न चिघळता भरून आले. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम मिळालं, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. तपासून दिलेलं, योग्य आणि वेळेवर दिलेलं औषध डोळा वाचवतं. पर्समधली उरलेली बाटली यांतलं काहीच नसते.

मावशीच्या हातात ते १८ तास होते. बैठकीतून ती थेट दवाखान्यात गेली असती, तर कदाचित आज नोटा ओळखत असती. हे आम्हाला विसरता येत नाही.

म्हणून आमच्या गटांनी काही गोष्टी ठरवल्या. तुम्हीही तुमच्या बैठकीत मांडा.

पहिली. डोळ्याला पातं, कुसळ, काडी, खडा काहीही लागलं, तर चोळायचं नाही, पदराने पुसायचं नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं. काही रुतलेलं असेल तर घरी ओढून काढायचं नाही. कारखान्यात काम करणाऱ्या बहिणींनो, केमिकल किंवा चुना उडाला तर आधी वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटं डोळा धुवायचा, मग दवाखाना.

दुसरी. उरलेले ड्रॉप दुसऱ्याला द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची आणि महिन्याभरात टाकून द्यायची. उघड्या बाटलीतही जंतू शिरतात.

तिसरी. डोळ्याचे ड्रॉप चिठ्ठीशिवाय विकत घ्यायचे नाहीत. चिठ्ठीवर घेतानाही विचारायचं, "यात स्टेरॉइड आहे का?" डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावं, लेबलवर बारीक अक्षरांत असतात. मात्र मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी असे ड्रॉप दिले असतील, तर आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. तिथे ते हवे असतात.

चौथी. काजळाची डबी ज्याची त्याची. लग्नघरी एकाच डबीतून पाच जणींचे डोळे रंगतात, ते थांबवायचं. टॉवेलही वेगळा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात काजळ नको. एरंडेल, मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध यांतलं काहीही कुणाच्याच डोळ्यात घालायचं नाही. डोळ्यात जी राखण आहे ती तिचं काम करते, तिला मोडता घालायचा नाही.

पाचवी. डोळे आले तर हात धुवायचे, चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसायची आणि कापूस टाकून द्यायचा. पण ठणका असेल, उजेड खुपत असेल, अंधुक दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर ते नुसते आलेले डोळे नव्हेत. त्याच दिवशी निघायचं.

सहावी गोष्ट पैशाची. मावशीला उशीर झाला त्यात रिक्षाच्या भाड्याचाही वाटा होता. आता डोळ्याच्या इजेसाठी अंतर्गत कर्ज द्यायला आम्ही बैठकीची वाट बघत नाही. अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सहीने त्याच दिवशी रक्कम हातात देतो, नोंद पुढच्या बैठकीत घेतो. २०२४ च्या कापणीत दोघींना ती लागली. एकीला भाताचं पातं लागलं होतं, दुसरीच्या डोळ्यात तूस गेलं होतं. दोघी त्याच दिवशी पनवेलला गेल्या. दोघींचे डोळे छान आहेत.

जिने बाटली दिली, ती पुढे कित्येक बैठकांना आली नाही. मावशी स्वतः तिच्या घरी गेली. "तू वाईट बुद्धीने दिलं नव्हतंस, मीही मुकाट घेतलं. आता ये," म्हणाली. ती आली. आता दर बैठकीत बचतीची वही उघडण्याआधी तीच विचारते, कुणाच्या घरी, कुणाच्या पर्समध्ये उघडी बाटली आहे का. पहिल्या खेपेला सात निघाल्या. सातही आम्ही त्याच दिवशी रिकाम्या करून टाकल्या.

मावशी अजून शेतात जाते. मुलाचा कारखान्यातला जुना चष्मा डोळ्यावर लावून कापणी करते. बाजूच्या बायका आधी हसल्या. नंतर तिघींनी तसलेच चष्मे मागवले.

तुमच्या गटात डोळ्याबद्दल काही ठरलं, तर आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.